पुरोहिताची उन्हाळी सुट्टी : एक अपुरा शास्त्रविचार

नोकरदारास सुट्टी कचेरी देते आणि विद्यार्थ्यास शाळा देते. पुरोहितास मात्र ती ग्रह देतात, आणि ग्रहांकडे रजेचा अर्ज कसा करावा याचा विधी कोणत्याही पोथीत सांगितलेला नाही. कॅथलिक धर्मगुरूंची स्थिती या बाबतीत पुष्कळच बरी आहे. १९८३ च्या चर्चसंहितेतील कलम ५३३ प्रमाणे पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या कार्यक्षेत्राच्या, प्रमुख धर्मगुरूस वर्षाकाठी जास्तीत जास्त एक महिना, सलग किंवा तुकड्यातुकड्यांनी, सुट्टी घेता येते आणि वार्षिक ध्यानसाधनेचे दिवस त्यातून कापलेही जात नाहीत. ही तरतूद वाचून नागपुरात स्थायिक झालेल्या एखाद्या पुरोहिताचे डोळे पाणावले, तर ते केवळ हेव्याने, श्रद्धा डळमळल्यामुळे नव्हे, असे समजावे.

वैशाख-ज्येष्ठ हा इतर जगाच्या दृष्टीने आमरसाचा आणि आजोळी जाण्याचा काळ असला, तरी पौरोहित्याच्या दृष्टीने ती लग्नसराई होय, आणि लग्नसराईत गावी गेलेला पुरोहित परत आल्यावर यजमान शिल्लक सापडतीलच याची शाश्वती नसते. या नियमास दोन अपवाद आहेत. पहिला अधिक मासाचा : चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे साधारण ३३ महिन्यांनी एक महिना जादा धरावा लागतो, आणि त्यात विवाह, मुंज, वास्तुशांती ही कार्ये वर्ज्य मानतात. दुसरा अस्ताचा, म्हणजे गुरू किंवा शुक्र सूर्याच्या फार जवळ गेल्याने दिसेनासा होण्याचा. २०२४ च्या मे महिन्यात हे दोघेही एकदमच अस्तंगत झाले होते आणि पुरोहितवर्गास ऐन उन्हाळ्यात रिकामपण लाभण्याचा दुर्मीळ योग आला होता. परंतु ‘गौण काळातील मुहूर्त’ नावाची सोय निघाली आणि मंजूर झालेली रजा अनेकांच्या बाबतीत मध्येच रद्द झाली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा सलग आल्याने कलम ५३३ चा लाभ जणू पंचांगानेच दिला.

अशा वेळी भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील सिहोऱ्याचा सुपुत्र असलेला पुरोहित गावाकडे निघतो. येथे भूगोलाची एक टीप आवश्यक आहे. रेल्वेच्या वेळापत्रकात आढळणारे ‘सिहोरा रोड’ हे स्थानक मध्य प्रदेशात जबलपूरच्या पुढे आहे, आणि त्या नावावर विसंबून तिकीट काढणारा पाहुणा दुसऱ्याच सिहोऱ्यात जाऊन पोहोचतो. जाणकार मनुष्य तुमसर रोडला उतरतो आणि उरलेला प्रवास एसटीवर सोपवतो.

ग्रहांच्या दातृत्वातील खोच मात्र गावी पोहोचल्यावर कळते. साधारण २५ मे रोजी सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि त्यानंतरच्या नऊ दिवसांस विदर्भात नवतपा म्हणतात. अधिक ज्येष्ठाने दिलेली सुट्टी हा नवतपा अखंड पोटात घेऊन आलेली असते. नागपुरात ज्याचे पाय यजमान ताम्हणात धुतात, तो दुपारी बारा वाजता वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरमध्ये बादलीने पाणी ओतताना दिसतो. कारण लहानपणापासून ते काम थोरल्याकडे आहे आणि मधल्या काळात झालेल्या वेदाध्ययनाने त्यात बदल करण्याचे कारण काकूंना दिसलेले नाही. कूलर भरून झाला की त्याच काकू शेजारच्या मुलीची पत्रिका पुढे सरकवतात. ३६ पैकी किमान १८ गुण जुळावेत असा संकेत असून, स्थळ चांगले असल्यास साडेसतरा चालतील का, हा प्रश्न सुट्टीतच विचारायचा असतो.

शेतकऱ्यांचे प्रश्न अधिक गंभीर असतात. हा धानाचा मुलूख. पऱ्हे केव्हा टाकावेत, म्हणजे रोवणीसाठी लागणारी रोपे तयार करण्यास धान केव्हा पेरावे, ही चिंता मृग नक्षत्र जवळ आले की ओट्यावर येऊन बसते. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला बेडूक, हत्ती, कोल्हा असे एखादे वाहन दिलेले असते आणि त्यावरून पावसाचा अंदाज बांधतात. “महाराज, यंदा मृगाचं वाहन काय हाय?” या प्रश्नास उत्तर देताना पुरोहितास हवामान खात्याची जबाबदारी पत्करावी लागते, आणि पुढच्याच दमात बावनथडी प्रकल्पाचे पाणी कालव्याला केव्हा सुटेल असे विचारले गेल्यावर पाटबंधारे खात्याचीही. दक्षिणेचा प्रश्न येत नाही. पिकते तिथे विकत नाही हे वचन धानाविषयी कितपत खरे आहे हे तुमसरच्या बाजारात जाऊन तपासता येईल. मंत्रांविषयी ते निर्विवाद आहे.

सर्वांत अवघड पेच सासुरवाडीस पडतो. अधिक मासात जावयास ३३ अनारशांचे वाण देण्याची चाल आहे, आणि ते संकल्प सोडून द्यावे लागते. संकल्प म्हणजे अमुक तिथीस अमुक फलासाठी अमुक दान करीत आहे, असा हातावर पाणी घेऊन केलेला उच्चार. तो सांगणारा पुरोहित आणि वाण घेणारा जावई एकच असल्यास त्याने स्वतःलाच दान देववावे काय? सासूबाई या चर्चेत पडत नाहीत. त्या सासऱ्यांच्या हातावर पाणी घालतात, जावईबापूंना ‘म्हणा’ असे फर्मावतात आणि पाटावर बसूनच संकल्प सांगून झाला की ताट त्यांच्यापुढे ठेवतात. ताटातील दक्षिणेचे पाकीट जावयाचे की पुरोहिताचे, यावर मेहुण्याने एकदाच मत मांडले. तेव्हापासून त्यात निम्मीच रक्कम असते.