जोडसहल, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात

आधी खोपोलीच्या इमॅजिकात उलटंपालटं व्हायचं, मग मुंबईहून क्रूझवर चढायचं. सातारा-सांगलीकरांनी एवढा खर्च का करावा? पोटात गोळाच आणायचा, तर पसरणी घाटात एसटीची मागची सीट पकडावी. बायकांना तिकीटही निम्मं. मग बामणोलीहून शिवसागरात लाँच. आपण सेल्फी काढतो, पलीकडच्या गावांतली माणसं तशाच लाँचमधून बाजार, दवाखाना गाठतात. तळाशी कोयना धरणात बुडालेली शिवारं. सांगलीकरांना तर घरातूनही हलायला नको. २००५, २०१९, २०२१चे महापूर : बोट थेट दारात, तिकीट शून्य, आयर्विन पुलाजवळची पातळी मोबाइलवर. कॅप्टन कोण, कोयना की अलमट्टी, एवढा वाद मात्र अजून मिटलेला नाही.