मयतीचे कारभारी

पुण्याच्या पेठांत, मुंबईच्या चाळींत आणि तालुक्याच्या गावांत प्रत्येक मित्रमंडळात एक गृहस्थ असा असतो, की कुणी गेल्याचा फोन सख्ख्या भावाआधी त्याला जातो. हा मयतीचा कारभारी. वय पन्नाशीपुढचे, खिशात पेन, पायांत झटकन निघतील अशा चपला. लग्नाच्या पंगतीत त्याला कुणी विचारत नाही. तिरडीपाशी त्याच्यावाचून पान हलत नाही.

त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘दाखला मिळाला का?’ दवाखान्यात गेल्यास नमुना ४, घरी गेल्यास ४-अ, आणि नोंद २१ दिवसांत, हे त्याला शुभंकरोतीसारखे पाठ असते. दुसरा प्रश्न : ‘कुणासाठी थांबायचंय?’ उत्तर येईपर्यंत बांबू, कामट्या, सुतळी, मडके, गोवऱ्या असे सामान दारात पडलेले असते. गाठ कशी मारावी यावर त्याची मते कडक. दोन कारभारी एकत्र आले, तर वाद मिटेपर्यंत मयताला थांबावे लागते.

स्मशानात तो मुलाला खांद्यावरचे मडके धरायला शिकवतो. मडके फोडलेला दगड, म्हणजे अश्मा, दहाव्यापर्यंत जपावा लागतो. तो मुलाच्या हवाली करताना, एका घरी याच दगडाने कुणी नारळ फोडल्याची हकीकत कारभारी न चुकता सांगतो. शोकसभेत तो बोलत नाही. वक्ते ‘कधीही न भरून येणारी पोकळी’ वर्णन करत असताना तो मागे उभा राहून खुर्च्या पुरतील का ते बघतो.

त्याचा स्वतःचा जिवलग मित्र जातो, तेव्हाही ही रीत बदलत नाही; फक्त आवाज चढतो. सुतळी कच्ची म्हणून तो दुकानदाराशी भांडतो. ‘ह्याची मान अवघडते’ म्हणत तिरडीवर पेंढा जास्त घालतो. ‘माझे दोनशे रुपये बुडवून गेला’ हे येईल त्याला ऐकवतो. रडायला त्याचा हात मोकळा नसतो, आणि तो मोकळा होऊ नये याची व्यवस्था त्याने स्वतःच केलेली असते.

खरी परीक्षा दहाव्याला होते. पुण्यात ओंकारेश्वरावर पिंड मांडला जातो आणि कावळा शिवत नाही. मुलगा आईला सांभाळायचे कबूल करतो, भाऊ जमिनीचा वाद सोडतो. कावळा ढिम्म. गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेतात, तेवढ्यात कारभारी पुढे होऊन हात जोडतो : ‘दोनशे सोडले, जा.’ कावळा येतो. शेजारच्या पिंडावरून उडालेला होता, हे त्याने पाहिलेले असते. तो ते सांगत नाही.

तेराव्याला गोडाचे जेवण झाले, की तो मुलाला दाखल्याच्या दहा प्रती काढायला लावतो : बँक, विमा, पेन्शन, गॅस. घरचे आभार मानू लागतात. ते त्याला सोसत नाही. ‘पुढच्या वेळी सुतळी पक्की आणा,’ एवढे सांगून तो निघतो.