शंका असेल तर चहा घ्या

चर्चच्या आतला कायापालट कसा करावा, याची नाशिकमध्ये एक पद्धत रुळली आहे. आधी फरशी उखडायची, मग भाविकांची बैठक बोलवायची. "कुणाची काही शंका?" असं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत चहा फिरवायचा. कुंभमेळ्यासाठी सगळं शहर उकरलं जात असताना चर्चनं तरी मागे का राहावं?

अशाच एका चर्चची गोष्ट. नाव सांगत नाही, कारण प्रत्येकाला ते आपलंच वाटेल. ज्या सागवानी कठड्याशी आजे-पणजे गुडघे टेकून प्रभुभोजन घेत, तो गेला. कुठे गेला, हे भंगारवाल्याला ठाऊक. छताला पीओपी लागलं. वेदीमागे रंग बदलणारे एलईडी आले; उपवासकाळात जांभळा, पुनरुत्थानाला पांढरा. रिमोट मात्र वायरमनकडे, त्यामुळे गुड फ्रायडेला वेदी हिरवीगार. देणगीदारांची पाटी एवढी मोठी झाली, की क्रुसाच्या वाटेतल्या चौदा चित्रांपैकी शेवटचं हलवावं लागलं. येशूला कबरीत ठेवतात ते चित्र आता चपलांच्या स्टँडवर आहे. मरियामातेच्या जुन्या पुतळ्याला ऑइलपेंट फासला. गाल इतके लाल झाले, की एक मावशी म्हणाल्या, "फादर, माउलीला ताप आलाय का हो?"

फादर हसले. नूतनीकरण समितीचे अध्यक्ष हसले नाहीत. "मावशी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंच बदल करायला सांगितलंय."

बिचारी परिषद! कॅथलिक बिशपांची ही सभा 1962 ते 1965 बसली आणि तेव्हापासून जगभरातल्या प्रत्येक कंत्राटदाराची जामीनदार झाली. प्रत्यक्षात 1963च्या तिच्या उपासनाविषयक दस्तऐवजात थाटमाटापेक्षा उदात्त सौंदर्य हवं असं म्हटलंय. चर्चमधल्या मौल्यवान वस्तू विकल्या किंवा विखुरल्या जाऊ नयेत, याची जबाबदारी तिनं बिशपांवर टाकली आहे. पीओपीबद्दल चकार शब्द नाही.

पुढचं आणखी अडचणीचं. 1983च्या धर्मविधी संहितेतलं कलम 1189 सांगतं, की पुरातन, कलापूर्ण किंवा भक्तीमुळे मोलाच्या ठरलेल्या प्रतिमांच्या दुरुस्तीला धर्माधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते आणि त्यांनी ती तज्ज्ञांना विचारून द्यायची असते. इथले तज्ज्ञ म्हणजे रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड. नाशिक धर्मप्रांत झाला 1987 साली, संहितेनंतर चार वर्षांनी. तेव्हा नियम नंतर आला म्हणायचीही सोय नाही.

असे बदल किती काळ भोवतात पाहा: गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकेच्या बाहेरचा गिलावा 1950च्या दशकात काढला, आणि उघडा पडलेला जांभा दगड आजही पावसात झिजतोय. समित्या बदलतात, दगड तिथेच राहतो.

तेव्हा मावशी, तुमची शंका म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे. आपलं मत धर्मगुरूंना सांगणं हा भाविकांचा हक्क आहे, प्रसंगी कर्तव्यही, असं त्याच संहितेचं कलम 212 म्हणतं. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर परवानगीचा कागद मागा आणि कठड्याचा पत्ता विचारा. चहा जरूर घ्या, पण अर्ज लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.