नया नगरात वाडी कशी लावावी

वाडी लावायला जमीन लागते, हा गैरसमज गावात राहणाऱ्यांनी पसरवलेला आहे. मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला, नया नगरात जी वाडी लावतात तिला लागते दीड फूट रुंदीची खिडकीची ग्रिल, गॅलरीचा एक कोपरा (वॉशिंग मशीनने सोडला असल्यास) आणि एक गाव, जिथे आपण आता राहत नाही. तिसरी अट सोडून चालणार नाही. जो अजून गावातच राहतो त्याला ही बागायत जमत नाही. त्याच्याकडे नुसती झाडे असतात.

प्रथम जमिनीचा अभ्यास करावा. ती चार मजले खाली आहे, तरी करावा. मीरा-भाईंदर हा मिठागरांचा आणि खाजणांचा मुलूख. ऐंशीच्या दशकात इथे इमारती उठल्या त्या भराव घालून. तेव्हा कंपाउंडमधली माती गुपचूप घमेल्यात भरून वर आणण्याचा मोह आवरावा. तिच्यात सिमेंटचे खडे, फुटक्या टाइल्स आणि आधीच्या कमिटीने केलेल्या कामांचे पुरावे निघतात. सेक्रेटरी जिन्यात भेटला तर घमेले कशाचे आहे हे सांगता येत नाही, ते वेगळेच.

मग उन्हाची चौकशी. मोगऱ्याला रोज निदान पाच-सहा तास कडक ऊन लागते. आपल्या गॅलरीत ऊन समोरच्या इमारतीच्या दोन टाक्यांच्या फटीतून येते आणि डबे भरून होईपर्यंत निघून जाते. म्हणून कुंड्यांची पाळी लावावी: सकाळी मोगरा पुढे, कढीपत्ता मागे, दुसऱ्या सकाळी मिरची पुढे. अळूला सावली चालते, त्याला मागेच ठेवावे. बारा इंची कुंडी भिजली की वीस-पंचवीस किलोची होते, आणि ग्रिल बसवताना तिच्या मनात फक्त दोन ओली फडकी होती. कुंड्या आतल्या बाजूला, भिंतीलगत ठेवाव्यात. खाली रिक्षा उभ्या असतात आणि रिक्षांत माणसे असतात.

साहित्य सगळे विकत मिळते, आणि ते पाहून गावाकडून आलेला पाहुणा थोडा वेळ काही बोलत नाही. नारळाची सोडणे आम्ही गावी, श्रीवर्धनला, न्हाणीच्या चुलीत घालायचो. ती पडवीत ढिगाने पडलेली असायची, पावसाळ्यात त्यांतून विंचू निघायचे. आता त्याच सोडणाचा भुसा दाबून केलेली पाच किलोची वीट कुरिअरने येते. तिला कोकोपीट म्हणतात आणि ती घेताना ओटीपी द्यावा लागतो. वीट संध्याकाळी मोठ्या टबात ठेवून वर पाणी ओतावे. सुरुवातीला काहीच होत नाही. मग कडा सुटू लागतात, वीट एका अंगाला कलते, टबातले पाणी तांबूस होऊन दिसेनासे होते, ती आणखी पाणी मागते, आणि झोपायच्या वेळी भिजका तपकिरी ढीग टबाचे काठ ओलांडून बाथरूमच्या फरशीवर उतरलेला असतो. वास ओल्या सुंभाचा. इथे थांबून वास घ्यावा. विटेच्या किमतीतला मोठा वाटा ह्या वासाचा आहे, कारण पोषण म्हणाल तर कोकोपीटमध्ये जवळजवळ काही नसते. ते फक्त पाणी धरून ठेवते. त्यात लाल माती आणि कुजलेले शेणखत मिसळल्याखेरीज झाड जगत नाही.

शेणखतही येते. पिशवीवर गाय हसत असते. ज्या मालाच्या कामाच्या दिवशी लहानपणी हमखास पोटात दुखायचे, त्याच मालाचे आता किलोवर पैसे मोजावेत आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने ‘ऑर्गॅनिक’ म्हणावे. मासळी धुतलेले पाणी मात्र फुकट असते आणि कढीपत्त्याला मानवते, असे आमच्याकडच्या सगळ्या बायका सांगतात. ते रात्री घालावे, मांदेलीचे असल्यास फार रात्री.

पाण्याचे काही नियम आहेत आणि ते झाडांपेक्षा माणसांच्या सोयीचे आहेत. शुक्रवारी सकाळी कुंड्यांना पाणी घालू नये. जुम्म्याच्या नमाजासाठी धुतलेले पांढरे झब्बे त्या वेळी खालच्या तिन्ही मजल्यांवर वाळत असतात, आणि लाल मातीचा एक ओघळ पुरेसा होतो. खालून हाक येते: “अहो, तुमच्या मोगऱ्याने आमच्या साहेबांचा झब्बा शिंपला!” अशा वेळी “खाला, देते धुऊन” म्हणावे आणि ह्या मोसमातली पहिली फुले त्यांच्याकडे पाठवावीत. त्यांनी ती आधीच पाहून ठेवलेली असतात.

एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी वाया घालवू नये. ते हवेतल्या बाफेचे पाणी, त्यात क्षार नसल्यासारखेच. ह्या भागातल्या टँकरच्या पाण्यापेक्षा झाडांना ते बरे. नळीखाली अळू ठेवावा. गावी अळू मोरीच्या तोंडाशी आपोआप माजायचा, त्याला नया नगरात मोरीची जागा ही नळी देते. पावसाळ्यात मात्र कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा उपड्या कराव्यात. डेंग्यूच्या डासाला साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंड्यापासून पंखापर्यंत जायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि महापालिकेचा तपासणीला आलेला माणूस बाकी घर न बघता थेट ताटलीच उचलतो.

इथपर्यंतचे काम कोणीही माळी करील. खरी मशागत आता सुरू होते, ती आठवणींची, आणि तिच्यात छाटणीला फार महत्त्व आहे.

“मला लहानपणापासूनच बागेची आवड,” हे वाक्य आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर ऐकायला मिळते. वस्तुस्थिती अशी की श्रीवर्धनला लहानपणी वाडीची आवड कोणालाही नव्हती. वाडी म्हणजे काम. रहाट फिरू लागला की पाणी पन्हळीतून पाटात यायचे, आणि हातात फावडे घेऊन आळ्यांची तोंडे उघडायची-बुजवायची पाळी पोरांची. एका पोफळीचे आळे भरले की तोंडाशी माती ओढायची, पुढचीचे फोडायचे. पाय घोट्यापर्यंत चिखलात, पिंढऱ्यांना डास, आणि ओटीवरून दादीचा आवाज: “अरे, पाणी नारळाला चाललंय की समुद्राला? लक्ष कुठंय तुझं?” लक्ष विरीवर असायचे. पोफळीची विरी गळून पडली की एकाने तिच्या पसरट भागावर बसायचे आणि दुसऱ्याने शेंड्याला धरून आगरभर फरफटत न्यायचे. बसणाऱ्याची चड्डी फाटायची, ओढणाऱ्याला मार मिळायचा. उलट कधी झाले नाही.

ह्या मालातून काय ठेवायचे ते नीट पाहावे. विरी ठेवावी. मृगाच्या पहिल्या सरीला उठणारा मातीचा वास ठेवावा, तो सगळेच ठेवतात. डास, विंचू, फावड्याने हाताला आलेले फोड आणि वाटणीवरून दोन काकांचे बंद झालेले बोलणे मुळापासून छाटावे, नाहीतर त्याला फार लवकर फुटवे येतात. विहीर दरवर्षी हातभर खोल करावी. आंब्याचा घेर आधी दोघांच्या कवेत मावत नव्हता असे सांगावे, पुढल्या रमजानपर्यंत तो चौघांच्याही मावेनासा व्हावा. एवढी मेहनत केल्यावर मुलांना गावी नेऊन ती विहीर दाखवण्याचा वेडेपणा कोणी करू नये. मुले वाकून आत बघतात आणि म्हणतात, “एवढीच?”

माझे मत विचाराल तर जीव जडायला झाड जरा टंचाईत असावे लागते. वाडीत पोफळींच्या रांगाच्या रांगा होत्या तेव्हा त्यातली कुठली वठली हे आजोबांखेरीज कोणाला कळायचे नाही. आता कढीपत्त्याला तीन पाने आली तरी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो जातो, आणि दम्मामहून मामू विचारतात, “किती फुटाचं झालं?”

एक आठवण छाटायची नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धनकडच्या वाड्या आडव्या करून गेले. टाळेबंदी चालू होती, इथून निघता येत नव्हते. तिकडचे फोन बंद. पुढे फोटो आले. रांगेत लावलेल्या पोफळी रांगेतच पडल्या होत्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच ते आठ वर्षे जातात, पुरते उत्पन्न यायला त्याहून जास्त. हा हिशेब म्हाताऱ्या माणसांनी आपापल्या वयात मिळवून पाहिला. त्यानंतर आमच्या इमारतीत दोन-तीन गॅलऱ्यांत पोफळीची रोपे दिसू लागली. कुंडीत ती कमरेएवढी होऊन थांबतात. सुपारी धरणार नाही हे लावणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगले माहीत असते, म्हणून त्याला सल्ला देऊ नये. एसीच्या नळीखालची जागा मागितली तर द्यावी.

शेजाऱ्यांशी स्पर्धा करताना जिल्हा पाहून करावी. तिसऱ्या मजल्यावर जौनपूरचे कुटुंब असेल तर मुळ्याचा विषय काढू नये. जौनपूरचा मुळा हातभर लांब आणि काही किलो वजनाचा असतो, हे खरे आहे, आणि खरे असलेल्या गोष्टीपुढे कोकणी माणसाचे काही चालत नाही. मिरचीवर बोलावे. आंब्यावर मात्र माघार घेऊ नये. समोरचा मलिहाबादच्या दशहरीचे भौगोलिक मानांकन काढील, आणि ते हापूसच्या आधीचे आहे हेही ऐकवील. आपण शांतपणे सांगावे की हापूसला 2018 साली मिळालेल्या मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर यांच्या जोडीला ठाणे जिल्हाही आहे, आणि मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात येते. अर्थात ह्या ग्रिलमध्ये जे काही धरेल ते मानांकनाच्या हद्दीतच धरेल. धरेल कसे, हा पुढचा प्रश्न.

कारण हापूस खाऊन कोय कुंडीत खोचली तर रुजते, चांगली हातभर वर येते, पण येणारे झाड हापूसचे निघेल याची हमी नसते. म्हणून तर कलम करायचे. रोप कोवळे असतानाच त्याच्यावर खात्रीच्या झाडाची काडी बांधतात, ते कोय कलम; दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ही पद्धत कोकणात चांगली रुळवली. गॅलरीत कोणी कलम बांधत नाही. रोपाची तांबूस पालवी बघतात आणि “झाला हापूस” म्हणतात. म्हणू द्यावे.

सोसायटीतले सगळ्यात जोमदार झाड मात्र कोणीच लावलेले नसते. ते मागच्या बाजूला, संडासाच्या पाइपाच्या जोडात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे असते आणि पिंपळाचे असते. कावळ्याने पेरलेले. त्याला कोकोपीट नाही, शेणखत नाही, ऊन जेमतेम, तरी दरवर्षी भिंत फोडून वाढते. तोडायचा ठराव प्रत्येक सर्वसाधारण सभेत होतो आणि मग कोणीतरी 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याची आठवण काढते, परवानगीचा अर्ज कोणी लिहायचा यावर सभा चहाला उठते. नवशिक्याने आठवड्यातून एकदा मागे जाऊन ह्या झाडाकडे बघावे. नैराश्य आले तर घरी यावे.

शेवटी खजूर. रमजानमध्ये इफ्तारीनंतर घरोघर बिया उरतात, आणि नया नगरात त्या सहसा टाकल्या जात नाहीत. धुऊन, दोन-तीन दिवस भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. काही आठवड्यांत पांढरा कोंब येतो, मग कुंडीत गवताच्या पात्यासारखे एक हिरवे पान. शीरखुर्म्याच्या पातेल्याला हात लावू न मिळालेली मुले ईदपासून ह्या पानाला पाणी घालतात. बियांपासून आलेल्या खजुरीत निम्मी झाडे नर निघतात, त्यांना फळ येत नाही, आणि कुठली नर आणि कुठली मादी हे फुले येईपर्यंत कळायचे नाही. फुलांना चार ते आठ वर्षे. तोवर इमारत रिडेव्हलपमेंटला गेलेली असेल. म्हणून बिल्डरशी करार होताना पार्किंगच्या कलमाखाली एक ओळ घालून घ्यावी: सभासदाच्या मालकीची खजुरी, एक नग, नर अथवा मादी, नव्या गॅलरीत पूर्वेकडे.