ठेकेदार इंदोऱ्यापर्यंत आलाय

ॲडव्हान्स हातात पडेपर्यंत नागपूरच्या जरीपटक्यातला ठेकेदार सकाळी सातलाच दारात हजर असतो. बाथरूमची फरशी उखडली, नळ कापले, फाटकापुढे मलब्याचा ढीग पडला, की स्वारी अंतर्धान पावते. फोन लागलाच तर उत्तर ठरलेलं: ‘येऊनच राहिलो भाऊ, इंदोरा चौकात आहो.’ मागे कुकरची शिट्टी स्वच्छ ऐकू येते.

मिस्त्री कुठे? रोवणीला बालाघाटकडे गेले. रोवणी आटोपली की दिवाळी, मग लगीनसराई. आणि मे महिन्यात कामाचा विषय काढणं म्हणजे निव्वळ क्रौर्य. या शेवटच्या कारणावर नागपूरकर वाद घालू शकत नाही, हे ठेकेदाराला पक्कं ठाऊक.

महारेराचा धाक दाखवू नका. ते बिल्डरांसाठी, तुमच्या कमोडसाठी नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मात्र कामाचा आहे: दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही, तक्रारीला मुदत २ वर्षांची. फक्त पुरावा लागतो. करार टाइल्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं झालेला, आणि पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणून ते दोघांनाही नको होतं! तरी समजा तक्रार टाकलीच. कायदा म्हणतो, ३ महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. पण हे ३ महिने मोजायचे कधीपासून, तर समोरच्या पक्षाला नोटीस मिळाल्यापासून.

तो तर इंदोरा चौकात आहे.