प्लॉट मस्त, घर मध्ये येतंय

इंदुरात सकाळी कुणाकडेही पोह्यांना जा, जिरावण भुरभुरून होईस्तोवर बोलणं प्लॉटच्या भावावर आलेलं असतं. मुलगा पुण्यात, आम्ही दोघं रामबागेतल्या पाच खोल्यांत. घर विकायचं असं नुसतं पुटपुटलो, तर कळलं की गल्लीतल्या प्रत्येकाने आमच्या घराची किंमत केव्हाच काढून ठेवली होती. काहींनी तर खर्चूनही टाकली होती.

पहिला ब्रोकर बूट न काढताच आत आला. घराकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. समोरचा रस्ता पावलांनी मोजला, मोबाइलमधल्या होकायंत्रावर दिशा बघितली आणि म्हणाला, “भाऊसाहब, प्लॉट तो मस्त है, बस ये मकान बीच में आ रहा है।”

बाबांनी पीएफ काढून बांधलेलं, आईने रोज विटांवर पाणी मारलेलं घर मध्ये येत होतं!

व्हॅल्युअर मात्र रीतसर माणूस. टेप लावली, भिंतीवर टकटक केली, गच्चीखालची ओल निरखली. जमिनीचा भाव वेगळा, बांधकामाचा वेगळा, आणि बांधकामातून वयाप्रमाणे घसारा वजा. “आयुष्य साठ वर्षं धरतात काका, तुमचं संपतच आलंय,” तो म्हणाला. तो घराबद्दल बोलतोय असं समजून मी मान डोलावली.

“आणि कढीपत्त्याचे किती धरले?” हिने विचारलं. सागवानी दारं, शहाबादी फरशी, चोवीस तास सावली देणारा शेजार असा हिचा स्वतंत्र हिशेब तयार होता. व्हॅल्युअरने चष्मा काढून पुसायला घेतला.

भाव चढवायला कारणं कमी नाहीत. 2017 पासून शहर स्वच्छतेत देशात पहिलं. 31 मे 2025 ला मेट्रोही सुरू झाली. ती धावते तिकडे सुपर कॉरिडॉरवर, आमच्यापासून चांगलीच लांब. पण विकणाऱ्याला मेट्रो कुठेही धावली तरी चालते.

शेवटी सीएकडे गेलो. तो म्हणाला, आधी कलेक्टर गाइडलाइन, म्हणजे जागेचा सरकारी भाव, बघा. तिच्याहून दहा टक्क्यांपेक्षा खाली विकलंत, तर कर गाइडलाइनच्याच भावाने लागेल. आणि घर जुनं, म्हणून खरेदीची किंमत 1 एप्रिल 2001 ची धरता येईल. “तेव्हा काय भाव होता?”

आता 31 मार्च 2001 ला इथेच, नेहरू स्टेडियमवर, सचिनने ऑस्ट्रेलियाविरुद्ध 139 ठोकले आणि वन-डेतले दहा हजार पूर्ण केले. त्याचा एकेक फटका मला आजही सांगता येईल. दुसऱ्या दिवशी गल्लीत दुसरा विषय असणार कुठून? इंदुरात प्लॉटच्या भावाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही असा बहुधा तो एकच दिवस, आणि आयकर खात्याला भाव हवा तो नेमका त्याच दिवसाचा!

तूर्त आमचा आकडा गाइडलाइनच्या वर आणि हिच्या हिशेबाच्या बराच खाली आहे. कुणाकडे रामबागेतली 2001 सालची एखादी रजिस्ट्री असेल, तर तिची झेरॉक्स कृपया पाठवावी. मॅचचं तिकीट नको, ते आमच्याकडे आहे.