सडका कांदा ढोरांपुढे ओतणाऱ्यास

सिंदी (रेल्वे)च्या वेशीवर रात्री ट्रॉली रिकामी करून जाणारे महाशय,

तुम्हाला नमस्कार लिहायला हात धजत नाही. ऐन पोळ्याच्या तोंडावर तुम्ही पडीत जागेत सडक्या कांद्याचा ढीग ओतून पसार झालात. साठवलेला उन्हाळी कांदा पावसाळी हवेत सडतो, सडका माल कुणी उचलत नाही, हे आम्हालाही कळते. तुमचे नुकसान झाले, मान्य. पण ते आमच्या ढोरांच्या रक्तातून का वसूल करता?

सकाळी पाहिले तेव्हा ढिगावर काळी बुरशी होती, मधूनमधून हिरवे कोंब फुटले होते आणि त्या कोंबांत चार-पाच गुरांनी तोंड घातले होते. काठी घेऊन हाकलली तरी ती पुन्हा वळत होती. वर तुमची बाजू घेणारे आहेतच: कांदा औषधी, माणसाला चालतो, मग ढोराला काय होते?

काय होते ते ऐका. कांदा-लसूण अखंड असतो तोवर त्यातली गंधकाची संयुगे निपचित असतात. चिरले, ठेचले की पेशी फुटतात आणि विकर त्यांना भिडते. लसणातून ॲलिसिन निघते. कॅव्हॅलिटो आणि बेली या अमेरिकी संशोधकांनी 1944 साली ते वेगळे काढून त्याचा जंतुनाशक गुण दाखवला. कांद्यातून डोळ्यांना पाणी आणणारा वायू निघतो. लसूण ठेचून दहा मिनिटे ठेवा आणि मगच फोडणीत टाका, असे सांगतात ते यासाठीच. लगेच तापवला तर विकर निकामी होते. लसणाने माणसाचा रक्तदाब थोडा उतरतो, रक्त थोडे पातळ होते. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्याने लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. म्हणजे माणसालाही हे औषध बेतानेच.

बैलाचे तसे नाही. याच कुळातली गंधकाची संयुगे त्याच्या पोटात मोकळी होतात आणि तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात. पेशींत गाठी धरतात, त्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात, आणि पेशी फुटू लागतात. दोन-चार दिवस कुणाला काही कळत नाही. मग जनावर चारा सोडते, श्वासाला कांद्याचा दर्प येतो, डोळ्याची पापणी उलटून पाहावी तर आत पांढरीफटक, आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट लाल. यावर उतारा नाही. कांदा बंद करायचा, जनावराला विश्रांती द्यायची आणि फारच झाले तर रक्त चढवायचे. शेळ्या-मेंढ्या बऱ्यापैकी सोसतात, गाय-बैल नाही. कुत्र्या-मांजरांचे तर विचारूच नका: मांजराला वजनाच्या किलोमागे 5 ग्रॅम कांदाही पुरतो. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हे विष जात नाही.

आणि हे तुम्ही कुठे केलेत? ज्या सिंदीचा तान्हा पोळा पाहायला गावोगावचे लोक येतात, तिथे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतो आणि त्याच्या कानात सांगतो, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' वर्षभर राबलेल्या जनावराला दिलेले हे जेवणाचे आमंत्रण असते. त्याच्यापुढे तुम्ही हे ताट वाढलेत.

चारा महाग आहे, कांदा वाया घालवायचा नाही, असे म्हणणार असाल तर तोही मार्ग आहे. सडका, बुरशी धरलेला कांदा बाजूला काढा. चांगला असेल तो कडबा-कुटारात मिसळून द्या, आणि चाऱ्याच्या कोरड्या वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. ढीग करून जनावर मोकळे सोडणे म्हणजे चारणे नव्हे. उरलेला कांदा खताच्या खड्ड्यात जाऊ द्या, वर माती आणि शेण टाका.

आमच्या गल्लीतल्या गाईंपैकी एकीने काल वैरण सोडली आहे आणि ती गाभण आहे. तिच्या मालकाने 1962 वर फोन लावला, पशुवैद्यकांची गाडी येऊन गेली. रक्त तपासायला नेले आहे. ज्या घरी हे चालले आहे तिथे तुम्ही स्वतः या, डॉक्टरांचा आणि औषधांचा खर्च द्या. आणि पोळ्याच्या आत तो ढीग उचला. फावडी आम्ही देतो, खड्डा आम्ही खणून ठेवला आहे.

सिंदीतला एक पशुपालक